कमी दिवसांचं बाळ मोठं झालं, आता त्याच्या फुप्फुसांचं काय? नागपुरातल्या आईबाबांचे आणि मोठ्या झालेल्या लेकरांचे नेहमीचे प्रश्न

मी डॉक्टर नाही. माझी मुलगी ३० आठवड्यांची असताना जन्मली, काचेच्या पेटीत राहिली, आता कॉलेजात जाते. इतक्या वर्षांत आमच्यासारख्याच घरांतून तेच तेच प्रश्न येतात, कधी आईचे, कधी आजीचे आणि आता तर त्या लेकरांचे स्वतःचेच, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. औषधाचं नाव आणि डोस तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, बाकी जे आहे ते हे.

कमी दिवसांचं म्हणजे नेमकं किती?

३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी जन्मलेलं प्रत्येक बाळ. ३२ च्या आतलं म्हणजे खूप लवकर, २८ च्या आतलं म्हणजे अतिशय लवकर. २०२० मध्ये जगात अशी साधारण १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली आणि त्यातली ३० लाखांच्या आसपास आपल्या भारतात, त्यामुळे तुमच्याच घरी काहीतरी वेगळं झालं असं अजिबात समजू नका, तुमच्या गल्लीतही एखादं असेलच. बरं, "सातव्या महिन्यात झालं" एवढं सांगून डॉक्टरांना काही कळत नाही, आठवडे सांगावे लागतात. २९ आणि ३३ मध्ये फुप्फुसाच्या दृष्टीने खूप अंतर आहे.

आजी म्हणते सातव्यातलं लेकरू तगतं, आठव्यातलं अशक्त राहतं. खरं आहे का?

नाही. आईच्या पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा फुप्फुसाच्या फायद्याचाच असतो. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्त तयार असतं. पण आजीशी भांडू नका, तिला एवढंच सांगा की आठव्यातलं आहे तर देवाची कृपा, आणि बाळाला छातीशी धरून बसायला तिलाच सांगा. कांगारू केअर आजीसुद्धा देऊ शकते.

फुप्फुसांचं नेमकं काय राहून जातं? आता तर बाळ धडधाकट दिसतं.

हे थोडं सविस्तर सांगते कारण हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. फुप्फुसात शेवटी हवेच्या बारीक पिशव्या असतात, वायुकोश म्हणतात त्यांना, ऑक्सिजन रक्तात जातो तो तिथूनच. मोठ्या माणसात ह्या कोट्यवधी असतात, मोजणाऱ्यांनी सरासरी ४८ कोटींच्या आसपास मोजल्यात. आणि ह्या पिशव्या खऱ्या अर्थाने तयार व्हायला सुरुवातच होते ३६ व्या आठवड्याच्या सुमारास, त्यातल्या बहुतेक जन्मानंतर पहिल्या दोन-तीन वर्षांत होतात आणि थोड्या-थोड्या पुढेही होत राहतात. म्हणजे २८ आठवड्यांचं बाळ बाहेर येतं तेव्हा खऱ्या पिशव्या बनायच्याच असतात, आणि जे काम पोटात शांतपणे व्हायचं ते ऑक्सिजन, श्वासाच्या मशीनचा दाब, इन्फेक्शन, सूज ह्या सगळ्यांच्या मध्ये करावं लागतं. मग पिशव्या कमी होतात, मोठ्या आणि साध्या होतात, आणि श्वासनळ्याही अरुंद राहू शकतात.

दुसरी गोष्ट सर्फॅक्टंट. पिशव्यांच्या आतून एक पातळ थर असतो, तो नसला की श्वास सोडताना त्या ओल्या पन्नीसारख्या आतून चिकटून बसतात आणि पुढच्या श्वासाला उघडायला खूप जोर लागतो. हा थर पुरेसा व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिलं की ह्या बाळांचा श्वास अडतो तो ह्याच्या कमतरतेने. तरीही १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेचौतीस आठवड्यांच्या सुमारास जन्मला आणि दोन दिवसांच्या आत ह्याच आजाराने गेला, राष्ट्राध्यक्षाचं लेकरू असूनही, कारण तेव्हा द्यायला काही नव्हतंच. मग १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि होवी यांनी आईला प्रसूतीआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात हे दाखवलं, १९८० मध्ये जपानमधल्या फुजिवारांनी बाळाच्या श्वासनळीत सर्फॅक्टंट सोडून बघितलं आणि ते लागू पडलं. आज आपली लेकरं समोर खेळताहेत ती ह्याच कामामुळे. आणि म्हणूनच इतक्या लवकर जन्मून मोठी झालेली ही पहिलीच मोठी पिढी आहे, तिच्या पन्नाशीत काय होतं ते बघितलेले डॉक्टर जगात फार कमी आहेत.

डिस्चार्ज कार्डावर बीपीडी लिहिलंय. ते काय असतं?

ब्रॉन्कोपल्मनरी डिसप्लेझिया. सोप्या भाषेत, बाळाला बराच काळ ऑक्सिजन किंवा मशीनची गरज राहिली आणि फुप्फुसाची वाढ त्यात अडली. २८ दिवसांचं झाल्यावरही ऑक्सिजन लागत होता का, आणि पोटातले आठवडे धरून ३६ आठवडे झाले तेव्हा लागत होता का, यावरून ते ठरवतात. १९६७ मध्ये नॉर्थवे नावाच्या डॉक्टरांनी ह्याचं पहिलं वर्णन केलं. तेव्हाची फुप्फुसं जास्त व्रणांची असायची, आजकालच्या बाळांत वाढ थांबल्याचा भाग मोठा असतो. बीपीडी असलेल्या काही बाळांत फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाबही वाढतो म्हणून हृदयाची टूडी एको करायला सांगतात, ती टाळू नका, पैशाची अडचण असेल तर मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना) किंवा एम्समध्ये विचारा.

आणि कार्डावर बीपीडी लिहिलेलं नाही म्हणजे फुप्फुस अगदी पूर्ण दिवसांच्या बाळासारखं, असंही नाही. पुढचा प्रश्न वाचा.

मोठेपणी खरंच किती फरक पडतो?

फुप्फुसाची ताकद मोजायचा एक आकडा असतो, एफईव्ही-१, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते. बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब केला तेव्हा दिसलं की कमी दिवसांच्या पण बीपीडी नसलेल्या मुलांत हा आकडा पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास कमी असतो, बीपीडी असलेल्यांत १६ ते १९ टक्के. सरासरी आहे ही, तुमच्या लेकराचा आकडा अगदी नॉर्मलही येऊ शकतो.

आता ७ टक्के कमी असलेल्या मुलाला रोजच्या जगण्यात सहसा काहीच जाणवत नाही, शाळेत जातो, सायकल चालवतो, सक्करदऱ्याच्या बाजारात पिशव्या उचलतो. अडचण पुढे आहे. प्रत्येक माणसाच्या फुप्फुसाची ताकद वीस ते पंचवीस वर्षांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असते आणि नंतर हळूहळू कमीच होत जाते, सगळ्यांची. ज्याची सुरुवातच कमी उंचीवरून झाली तो म्हातारपणी धाप लागायच्या रेषेपर्यंत लवकर पोचू शकतो. सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागणं) आपण सिगारेटवाल्यांचा आजार समजतो, पण लवकर जन्मलेल्यांना सिगारेट न ओढताही त्याचा धोका जास्त असतो. घाबरवण्यासाठी सांगत नाहीये. पंचविशीपर्यंत जितकं वर नेता येईल तितकं न्यायचं आणि नंतर उतार मंद ठेवायचा, ह्या दोन्ही गोष्टी आपल्या हातात बऱ्यापैकी आहेत.

दर सर्दीत छाती घरघरते. म्हणजे दमा झाला का? पंप (इनहेलर) दिला तर सवय लागेल का हो?

पंपाची सवय लागत नाही. हे जितक्या वेळा सांगावं तितकं कमी आहे, कारण अजूनही लग्न जमणार नाही म्हणून मुलीचा पंप कपाटात लपवणारी घरं आहेत, आणि ती मुलगी जिन्यावर थांबून थांबून श्वास घेते. पंपातून औषध थेट फुप्फुसात जातं आणि मात्रा गोळी-सिरपपेक्षा खूपच कमी लागते. लहान मुलांना स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) लावूनच द्या, नुसता तोंडात मारला तर अर्धंअधिक घशातच राहतं.

दमा आहे का, हे मात्र नीट तपासून घ्यावं लागतं. लवकर जन्मलेल्यांची घरघर दम्यासारखीच ऐकू येते, पण बऱ्याच जणांत मागे ॲलर्जीची सूज नसते, नळ्याच अरुंद असतात. त्यामुळे दम्याचं औषध प्रत्येकाला सारखंच लागू पडत नाही. ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या आणि आकडा कमी असलेल्या ७ ते १२ वर्षांच्या मुलांना १२ आठवडे पंप देऊन बघितलं, तेव्हा स्टेरॉइड आणि नळ्या उघडणारं औषध दोन्ही एकत्र दिलेल्या मुलांची एफईव्ही-१ चांगली सुधारली. छोटा अभ्यास होता, पण म्हणजे "जन्मापासूनचं आहे, काही होणार नाही" असं म्हणून सोडून द्यायचं कारण नाही. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, इतक्या आठवड्यांचं आहे, इतके दिवस ऑक्सिजनवर होतं.

आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला, वजन घटणं, संध्याकाळचा ताप असं असेल तर टीबीची तपासणी करायचीच, हे आपल्याकडे विसरून चालत नाही. उलटही होतं, लवकर जन्मलेल्यांच्या एक्सरेत जुने डाग, रेघा दिसू शकतात आणि कोणी ते जुन्या टीबीचे समजू शकतं. जुने एक्सरे फेकू नका.

स्पायरोमेट्री कधी करायची?

नळीत जोरात फुंकून एफईव्ही-१ मोजायची ती हीच तपासणी. मूल सांगितल्यासारखं जोरात फुंकू शकलं की, म्हणजे साधारण पाच-सहा वर्षांपासून. दुखत नाही, सुई नाही. ३२ आठवड्यांच्या आतलं असेल किंवा बीपीडी असेल तर त्रास नसला तरी एकदा करून घ्या, मग डॉक्टर म्हणतील तशी पुन्हा, आणि वीस-पंचविशीत एकदा नक्की. एकट्या रिपोर्टपेक्षा दर काही वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवले की खरं चित्र दिसतं. पहिल्या वेळी मुलांना नीट जमत नाही, त्यावरून निष्कर्ष काढू नका, घरी मेणबत्ती विझवायचा सराव करून न्या.

आंघोळीनंतर धुरी द्यायची का? नाकात तेल?

नाही आणि नाही. मला माहीत आहे हे सगळ्यात कठीण उत्तर आहे, कारण बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, ओवा, धूप, हे सगळं मायेनेच चाललेलं असतं आणि मालिशवाली बाईही म्हणते की आम्ही शेकडो लेकरं वाढवली. पण धुराचे बारीक कण सरळ त्या वाढत्या पिशव्यांत जातात. बाळाला ऊब हवी तर खोली गरम ठेवा, टोपी घाला, छातीशी घ्या. तेल नाकात घातलं की थोडं श्वासनळीत उतरू शकतं आणि त्याने एक वेगळाच न्यूमोनिया होतो जो बरा व्हायला फार वेळ घेतो. नाक बंद असेल तर सलाइनचे थेंब. दोन वर्षांच्या आत कापराचे, मेंथॉलचे बाम छातीला, नाकाला लावू नका. मच्छरांसाठी कॉइल जाळू नका, मच्छरदाणी लावा. देवघरातली अगरबत्ती बाळाच्या खोलीत नको, दिवा पुरे. चूल असेल तर स्वयंपाकाच्या वेळी बाळ दुसऱ्या खोलीत.

नागपूरची हवा दिल्लीपेक्षा बरी आहे नं?

दिल्लीपेक्षा बरी, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात जी शहरं प्रदूषणाची मर्यादा ओलांडतात म्हणून घेतली आहेत त्यांत नागपूर आहे. कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं, रस्त्याची आणि बांधकामाची धूळ, गाड्या, भांडेवाडीत कचऱ्याला लागणाऱ्या आगी, थंडीत प्रत्येक कोपऱ्यावरच्या शेकोट्या. आपल्याकडे पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांची, दिवसाची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटना १५ म्हणते. थंडीच्या सकाळी धूर खालीच बसून राहतो, तेव्हा फुटाळ्यावर किंवा अंबाझरीला पहाटे पळायला नेण्याऐवजी जरा ऊन वर आल्यावर न्या. समीर ॲपवर रोजचा एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे त्याचा आकडा, दिसतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री खिडक्या बंद.

आणि कूलर! ह्याबद्दल कोणीच बोलत नाही. नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात कूलर बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, पण मागच्या वर्षीच्याच ताट्या, टाकीत शेवाळलेलं पाणी, आणि चालू केल्यावर येणारा तो कुबट वास, म्हणजे बुरशी थेट खोलीत येतेय. सीझनच्या सुरुवातीला ताट्या नवीन लावा, टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासून वाळू द्या (डेंग्यूसाठीही तेच करायचं आहे), आणि झोत बाळाच्या तोंडावर नको.

लसी उशिरा द्यायच्या का, बाळ लहान आहे म्हणून?

नाही. बाळाची तब्येत स्थिर असेल तर लसी जन्मतारखेपासून मोजून वेळेवरच द्यायच्या. रांगणं-बोलणं बघताना मात्र राहिलेले आठवडे वजा करून वय धरतात, ह्या दोन हिशोबांत गोंधळ होतो लोकांचा. न्यूमोकोकलची पीसीव्ही सरकारी दवाखान्यात मोफत आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. फ्लूची लस सहा महिन्यांपासून, पहिल्या वर्षी दोन डोस आणि मग दरवर्षी, ती स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागते पण ह्या लेकरांसाठी घ्याच, घरातल्या मोठ्यांनीही घ्या. आरएसव्ही नावाचा व्हायरस ह्या बाळांना पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त ॲडमिट करवतो, त्याच्यासाठी अँटिबॉडीचं इंजेक्शन निघालेलं आहे, आपल्याला मिळतं का आणि गरज आहे का ते डॉक्टरांना विचारा. आणि सर्दी झालेल्या पाहुण्याला बाळ देऊ नका, वाईट वाटलं तर वाटू दे.

दवाखान्यात पळायचं कधी?

श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडतात, नाकपुड्या फुगतात, कण्हल्यासारखा आवाज येतो, दूध सोडलं, ओठ निळसर, किंवा श्वास मध्येच थांबतो. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा: दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर वाफ देत बसू नका. १०८ लावा.

घरी ऑक्सिजन लावून सोडलंय.

भीती वाटते पण बहुतेक बाळांचा तो हळूहळू सुटतो. स्वतःहून काढू नका, बाळ गुलाबी दिसलं तरी, झोपेत आणि दूध पिताना ऑक्सिजन खाली जातो. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेचं मशीन) असेल तर लाइट गेल्यावर काय, याची सोय आधीच ठेवा, भरलेला छोटा सिलिंडर. त्या खोलीत दिवा, अगरबत्ती, गॅस, बिडी काहीही पेटतं नको.

शाळेत पीटीला पाठवू का? मोठा मुलगा तर पोलीस भरतीची तयारी करतो म्हणतो.

पाठवा. धाप लागते म्हणून बसवून ठेवलेलं मूल आणखी लवकर दमतं. लवकर जन्मलेल्यांची दम टिकवायची ताकद सरासरी थोडी कमी असते, पण व्यायामाने ती वाढते. पोहणं, कबड्डी, सायकल, जे आवडेल ते. पीटीच्या सरांना सांगून ठेवा की थांबला तर नाटक नाही, आणि पंप दप्तरात नाही तर खिशात असू द्या.

भरतीच्या १६०० मीटरसाठी: आधी स्पायरोमेट्री, शक्य असेल तर पळण्याआधी आणि पळल्यानंतर दोन्ही. पळताना नळ्या आवळत असतील तर डॉक्टर पळण्याआधी घ्यायचा पंप देतात. अंतर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं, अंग गरम केल्याशिवाय सुसाट सुटायचं नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ निळे झाले तर थांबायचं आणि हृदयाची तपासणी करायची. ३० आठवड्यांचा आहे म्हणून मैदानात उतरूच नको, असं कोणी सांगितलं तर तपासणी न करता सांगितलेलं ऐकू नका.

विमानात चालेल? लेहला?

विमानाच्या आत हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तसा असतो. मोठ्यांना बहुतेक वेळा काही होत नाही. बीपीडी असलेलं लहान बाळ किंवा नुकताच ऑक्सिजन सुटलेलं असेल तर आधी विचारा. चिखलदरा हजार-अकराशे मीटर, खुशाल जा. लेह ३५०० मीटर, तिथे आकडा कमी असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नये.

हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय.

लवकर जन्मलेल्या बाळांत हर्निया खूप असतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आठवडे स्वतःहून सांगा, कारण पोटातले धरून ६० आठवड्यांच्या आतल्या बाळांत भुलेनंतर श्वास थांबू शकतो, म्हणून त्या रात्री दवाखान्यातच ठेवतात. मोठेपणीच्या ऑपरेशनआधीही सांगायचं.

मित्रांसोबत कधीतरी एखादी सिगारेट?

नको रे बाबा. इतरांना जेवढं नुकसान होतं तेवढंच झालं तरी तुझ्याकडे गमवायला आधीच कमी आहे. घरात ओढणाऱ्या बाबांनाही हेच, बाहेर जाऊन ओढली तरी कपड्यांतून घरात येते. व्हेपही नाही, त्यावर २०१९ पासून देशात बंदीच आहे. खर्रा फुप्फुसात जात नाही, पण तोंडाचा कॅन्सर देतो, आणि गरोदर बाईने तंबाखू खाल्ला तर पुढचं बाळही लवकर जन्मण्याचा धोका वाढतो.

मी आता २७ ची आहे, मला कोणी कधी जन्माचं विचारलंच नाही. सांगायचं का? आणि कार्ड हरवलंय.

सांगायचंच. छातीच्या डॉक्टरकडे गेल्यावर सिगारेट विचारतात, धूळ विचारतात, टीबी विचारतात, किती आठवड्यांची जन्मलीस हे क्वचितच विचारतात, म्हणून ते आपणच पुढे ठेवायचं. कार्ड नसेल तर जिथे जन्म झाला तिथल्या रेकॉर्ड विभागात अर्ज करून बघ, पण जुन्या फाइली दवाखाने कायम ठेवत नाहीत, त्यामुळे आईला, मावशीला आजच विचार आणि लिहून काढ: अपेक्षित तारीख कोणती होती आणि प्रत्यक्ष कधी झाली, जन्माचं वजन, पेटीत किती दिवस, मशीन होतं की नुसता ऑक्सिजन, घरी येताना ऑक्सिजन होता का, पहिल्या दोन वर्षांत छातीसाठी किती वेळा ॲडमिट. त्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेव, एक प्रिंट फाइलच्या पहिल्या पानावर, आणि गरोदर राहिलीस तर पहिल्याच भेटीत तोच कागद तिथल्या डॉक्टरांनाही दे, स्वतः लवकर जन्मलेल्या बायकांना लवकर प्रसूती व्हायची शक्यता थोडी जास्त असते आणि ते त्यांना आधी कळलेलं बरं.